लोणच्याच्या बरणीतला मुद्देमाल

अर्जदार : प्रस्तुत लेखक, पोलीस खात्यातून सहायक उपनिरीक्षक पदावरून स्वेच्छेने निवृत्त, सध्या मुक्काम रत्नागिरी, व्यवसाय अर्जलेखन.

जिच्यावर आरोप झाला ती : एक सून, माहेर घाटावर कोल्हापूर बाजूस, सासर लांजा तालुक्यातील एका वाडीत.

आरोप करणारी : तिची नणंद, त्याच तालुक्यात दिलेली.

ज्याच्या जिवावर बेतले तो : सुनेचा सासरा व नणंदेचा बाप, हृदयविकाराचा रुग्ण.

साक्षीदार : एक महिला पोलीस शिपाई, सरकारी रुग्णालयातील एक डॉक्टर मॅडम, आणि गावातील दोन पंच.

काळ : गणपतींचे विसर्जन होऊन चाकरमानी मुंबईस परतल्यानंतरचा आठवडा.

नावे मुद्दाम दिलेली नाहीत. ज्यांना ओळख पटायची त्यांना ती नावाशिवायही पटेल.

माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले असले तरी पंचनामे, जबाब आणि अहवाल लिहिण्यात माझा हात कोणी धरू शकत नसे, हे खात्यातील वरिष्ठांनीही मान्य केलेले आहे. नोकरीत मी खून पाहिले, समुद्राने परत केलेली प्रेते पाहिली, सख्ख्या भावांनी आंब्याच्या एका कलमावरून एकमेकांवर कोयते उगारलेले पाहिले. त्यातले बरेचसे आता धूसर झाले आहे. हे प्रकरण मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही. ज्यात शेवटी गुन्हाच घडलेला नव्हता, त्या प्रकरणाने मला सर्वांत जास्त थक्क केले.

त्या दिवशी मी ठाणे अंमलदार म्हणून कामावर होतो. प्रभारी साहेब न्यायालयीन कामासाठी रत्नागिरीस गेले होते. सकाळची हजेरी होऊन स्टेशन डायरी माझ्या ताब्यात आली तोच एक बाई आत आली. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची बरणी. आमच्या एका शिपायास थट्टेची सवय होती. तो म्हणाला, "काय ताई, साहेबांसाठी लोणचं आणलंत वाटतं?"

बाईने बरणी माझ्या टेबलावर ठेवली आणि त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "हां. चाखून बगा."

कागद सोडवल्यावर शिपाई दोन पावले मागे सरला. बरणीत तिच्या बापाचे शौच होते. काळेकुट्ट.

तिची खबर थोडक्यात अशी. बापाला मुंबईत असताना हृदयाचा झटका आला होता. तेथे हृदयाच्या नळीत स्प्रिंग घालून, रोजच्या गोळ्या लावून देऊन त्याला गावी पाठवले होते. मुलगा मुंबईस कामाला. गावी म्हातारा, सून आणि तिचे अंगावर पिणारे मूल. गणपतीला माहेरी आलेल्या या मुलीला बाप पांढराफटक आणि थकलेला दिसला, म्हणून ती मागे राहिली. संडास धुताना तिला हा काळा प्रकार दिसला. मग एका संध्याकाळी स्वयंपाकघरात भावजय खलबत्त्यात काहीतरी कुटून नाचणीच्या आंबिलीत घालताना दिसली. विचारले तर "काही न्हाई" म्हणाली आणि पुडके तांदळाच्या डब्यात दडवले. आदल्या दिवशी देवळात गावकीची बैठक होती. तेथे पायरीवर उभे राहून या बाईने सर्वांसमक्ष सांगितले, की घाटावरची सून माझ्या बापाला विष घालते. सुनेला बोलावून घेतले. ती मूल कडेवर घेऊन उभी राहिली आणि एक शब्द बोलली नाही. तेव्हा मौन हीच कबुली असे गावाने धरले.

"माजा बापूस दिसादिसानं जातोय, साहेब," बाई म्हणाली. "ती बाय तोंड उघडत नाय. तुमी तरी उघडवा."

कापडी पिशवीत बापाच्या सगळ्या गोळ्या होत्या. भावजयीने त्यांतही काही मिसळले असेल, या भयाने तिने त्या परवापासून बंद करून स्वतःजवळ ठेवल्या होत्या. मी साहेबांना दूरध्वनीवरून कळवले. त्यांनी दोन्ही वस्तू जप्त करून सील करण्याचा व चौकशी करण्याचा हुकूम दिला. रीतसर पंच बोलावून लेबले लावली, लाख लावली, नोंद केली. बरणी मुद्देमाल कपाटात ठेवताना कारकून नाकाला रुमाल लावून होता. न्यायसहायक प्रयोगशाळेकडून अशा नमुन्याचा अहवाल यायला किती काळ लागतो हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचे नाही, तिच्या घरी जायचे आणि सोबत महिला पोलीस न्यायची, असा दंडक आहे. त्याप्रमाणे महिला शिपाई आणि फिर्यादी बाई यांना घेऊन मी वाडीत पोहोचलो. जांभ्याच्या चिऱ्यांचे घर, पुढे काजूची झाडे, पडवीत खांबाला टेकून म्हातारा बसलेला. मला पाहून उठायला गेला आणि खांब धरून तसाच खाली बसला. ओठ आणि नखे पांढरी, कपाळावर घाम. माझा एक नियम होता : जिवंत माणूस आधी, कागद नंतर. मी सरकारी गाडीत मुलीसह त्याला घातले आणि चालकाला तालुक्याच्या रुग्णालयात न्यायला सांगितले. "मला काय धाड भरली नाय," असे म्हातारा गाडीत बसेपर्यंत म्हणत होता.

मग सुनेची चौकशी सुरू केली. ती चुलीजवळ मूल मांडीवर घेऊन बसली. मी गोड बोलून पाहिले, आवाज चढवून पाहिला. चौकशीत उपयोगी पडणारे एक निरीक्षण येथे नोंदवतो. ज्याने काही केलेले असते तो न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत सुटतो. आपण तेव्हा कोठे होतो, कोणी पाहिले, सगळे सांगतो. या बाईने स्वतःच्या बचावाचे एक अक्षर काढले नाही. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली आणि उलट मलाच विचारले, "बाबांच्या गोळ्या कुठं हाईत? परवापास्नं दिल्या न्हाईत. डाक्तरनी सांगितलंय, एक दिस चुकवायची न्हाई."

मी लिहिता हात थांबवला. विष घालणारी बाई औषध चुकल्याची काळजी करीत नाही.

पंचांसमक्ष तांदळाचा डबा उघडला. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत लाल गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. एक पंच मागे सरकून "हेच ता" असे पुटपुटला. महिला शिपायाने पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली आणि सुनेकडे पाहून हसली. मला म्हणाली, "साहेब, ह्या रक्तवाढीच्या गोळ्या. गरोदर बायांना आणि बाळंतिणींना उपकेंद्रातून देतात. माझ्या दोन्ही खेपेला मी खाल्ल्यात."

तेव्हा कोठे सुनेचे तोंड उघडले. हकीकत अशी, की श्रावणापासून सासऱ्याचा चेहरा उतरू लागला. जिना चढताना धाप, बसल्या जागी झोप, ओठ पांढरे. तिने अनेकदा दवाखान्यात चला म्हणून सांगितले, म्हातारा ऐकेना. गरोदरपणात तिचे स्वतःचे ओठ असेच पांढरे झाले होते आणि या गोळ्यांनी फरक पडला होता. म्हणून बाळंतपणानंतर तिला मिळालेल्या गोळ्या ती न खाता कुटून, गुळाच्या आंबिलीतून सासऱ्याला देऊ लागली.

हे देवळात का सांगितले नाहीस, असे मी विचारले.

"गावासमोर सांगू?" ती म्हणाली. "बाबांनी लेकुरवाळीच्या गोळ्या खाल्ल्या म्हणून? त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नसतं पुन्यांदा. आणि नर्सबाईंना कळलं असतं, मी माझ्या खाल्ल्या न्हाईत. त्या लई ओरडत्यात."

खुनाचा आळ डोक्यावर असताना ही बाई नर्सच्या ओरडण्याला भीत होती, आणि सासऱ्याची लाज झाकत होती. महिला शिपायाने तोंड फिरवले. मीही काही काळ जबाबाचा कागद सरळ करीत राहिलो.

रक्तवाढीच्या, म्हणजे लोहाच्या गोळीने शौच काळे होते, हे महिला शिपायास स्वानुभवाने माहीत होते. म्हणजे सर्व उलगडा झाला. विष नाही, गुन्हा नाही. अहवालाचा मसुदा माझ्या डोक्यात तयारही झाला होता. मी रुग्णालयात दूरध्वनी केला आणि डॉक्टर मॅडमना ही आनंदाची बातमी दिली. त्या वयाने लहान, आवाजाने शांत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "हवालदारसाहेब, काळं होण्याचं एक कारण तुम्हाला सापडलं. दुसरं नाही, हे कशावरून?"

डोक्यातला मसुदा मी तेथेच रद्द केला.

त्यांनी विचारले की रुग्ण हृदयासाठी नेमक्या कोणत्या गोळ्या घेतो. मी सांगितले, त्या सीलबंद आहेत. त्या म्हणाल्या, सील तोडा आणि घेऊन या. आणि ती बरणीही आणा. साहेबांना कळवून, ठाण्यात परतून, पंचांसमक्ष दुसरा पंचनामा करून मी सील तोडले. नोकरीत सील लावण्याचे काम असंख्य वेळा केले. जीव वाचवण्यासाठी तोडण्याचे ते एकदाच.

रुग्णालयात पोहोचलो तेव्हा म्हाताऱ्याला सलाईन चालू होते. मॅडमनी प्रथम गोळ्या पाहिल्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बाजूला काढून त्यांनी फिर्यादी मुलीला विचारले, ह्या कोणी बंद केल्या. तिने मान खाली घातली. मॅडम रागावल्या नाहीत, पण स्पष्ट बोलल्या, की स्प्रिंग घातलेल्या माणसाची ही गोळी घरच्यांनी आपल्या मनाने कधीही बंद करायची नसते. आत गुठळी धरली तर दवाखान्याच्या दारापर्यंतही वेळ मिळत नाही. मग त्या बरणी घेऊन खिडकीजवळ गेल्या. झाकण उघडले, निरखले, वास घेतला. नाकाला रुमाल नाही, कपाळाला आठी नाही. एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यासमोर उभे राहावे तसा मी तेथे उभा राहून पाहत होतो. आम्ही ज्याला घाण म्हणून लाखेत कोंडले, ते ही बाई जबाबासारखे वाचत होती.

"लोहाच्या गोळीनं काळं होतं, पण ते बहुधा बांधलेलं असतं, थोडी हिरवट झाक असते," त्या म्हणाल्या. "हे डांबरासारखं चिकट आहे, आणि हा वास जुन्या रक्ताचा. नुसत्या नजरेवर मी जाणार नाही, तपासणी करते. पण मला वाटतं, यांच्या पोटात रक्तस्राव होतोय."

मग त्यांनी म्हाताऱ्याची चौकशी सुरू केली. माझ्यासारख्या अनुभवी माणसाने शिकावे अशी ती चौकशी होती. दुखते का, असे त्यांनी विचारलेच नाही, कारण तो नाही म्हणणार हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी विचारले, यंदा गणपतीत जाखडी होती का. आमच्याकडे गणपतीत ढोलकीच्या तालावर फेर धरून जो नाच होतो ती जाखडी. म्हातारा खुलला. आपण बुवा आहोत, मध्ये उभे राहून गातो, श्रावणापासून सराव असतो, असे त्याने ऐटीत सांगितले. मॅडम म्हणाल्या, इतका वेळ उभे राहता, मग गुडघे काय म्हणतात?

म्हातारा छताकडे पाहू लागला. मग हळूच म्हणाला, "गुडग्यांसाठी गोळी घेतो एक. स्टँडाजवळच्या दुकानातून. कदी दोन."

"घरी माहीत आहे?"

"घरात कशाला सांगू? बुवा थकला म्हणतील."

येथे सगळे धागे एकत्र आले. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू, त्यावर उपाशीपोटी वेदनाशामक गोळ्या. पोटात जखम होऊन श्रावणापासून आतल्या आत रक्त झिरपत होते. म्हणून तो पांढरा पडला. सुनेने तो पांढरेपणा अचूक ओळखला, पण त्याचे कारण न शोधता वरून लोह दिले. त्या लोहाने शौचाला काळा रंग दिला, आणि खरोखरीच्या रक्ताचा काळा रंग त्या रंगाखाली लपला. उद्या कोणी जाणता माणूस घरी आला असता तर त्यानेही माझ्यासारखेच म्हटले असते, की गोळीमुळे काळे होते, काळजीचे कारण नाही. आणि त्या दिलाशात म्हातारा गेला असता.

त्याला वाचवले कोणी? जिने भावजयीवर खुनाचा आळ घातला तिने. तिच्या संशयाने ती बरणी रुग्णालयाच्या खिडकीपर्यंत आली. एका बाईला खडी फोडायला पाठवण्यासाठी आणलेल्या वस्तूने दुसऱ्या माणसाचा प्राण राखला. हे मी कितीदा मनात मांडले, तरी अजून माझी मती गुंग होते.

म्हाताऱ्यास त्याच दिवशी रत्नागिरीस हलवले. तेथे दुर्बिणीने पोटातील जखम दिसली, रक्त चढवले. मॅडमनी मुंबईच्या हृदयाच्या डॉक्टरांशी स्वतः बोलून, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांपैकी कोणती चालू ठेवायची व कोणती कधी पुन्हा सुरू करायची, हे ठरवून घेतले होते. तो आठवड्याभरात पायावर उभा राहिला. रुग्णालयाच्या व्हरांड्यात नणंद भावजयीजवळ येऊन बसली. मग नणंदेने मूल मागितले आणि भावजयीने दिले. माफीचा शब्द मी ऐकला नाही.

पुढे एकदा कामानिमित्त गेलो असता मॅडमनी मला शांतपणे समजावून दिले, ते वाचकांच्या माहितीसाठी देतो. रक्त कमी आहे असे वाटले, तर आधी तपासणी करून ते कोठे जाते हे शोधावे. हृदयाच्या रुग्णाने तर लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये. लोह काही औषधांना पोटातच धरून ठेवते व त्यांचा गुण कमी करते. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि थायरॉइडची गोळी येते. म्हणून दोहोंमध्ये किती तासांचे अंतर ठेवायचे, हे आपल्या सगळ्या गोळ्या दाखवून विचारावे. दुकानातून परस्पर घेतलेली गोळीही दाखवावी. चहा, दूध आणि आम्लपित्ताचे औषध यांबरोबर लोह घेतले, तर त्यातले बरेचसे वाया जाते. आमचा म्हातारा आंबिलीवर कोरा चहा घेत असे, हे ऐकून मॅडम हसल्या होत्या. आणि लोह चालू असताना शौच काळे झाले, तरी ते चिकट असेल, दुर्गंधी असेल, सोबत चक्कर वा धाप असेल, तर गोळीवर ढकलून स्वस्थ बसू नये.

नोकरीत मी मानत आलो, की एक कारण सापडले की तपास संपतो. या प्रकरणाने ती समजूत मोडली. एकाच रंगामागे माया, अहंकार आणि आजार असे तीन साक्षीदार उभे असू शकतात, आणि त्यांतला पहिला जो बोलेल त्याचेच ऐकून आपण फाइल बांधतो. माणसाच्या पोटात एवढा मोठा खटला चालू असतो आणि बाहेर पडवीत तो म्हणत असतो, मला काय धाड भरली नाय. हे आठवले की आजही मी हात जोडतो. कोणाला, ते मला सांगता येत नाही.

कागदोपत्री प्रकरण 'गुन्हा घडल्याचे निष्पन्न होत नाही' या शेऱ्यावर दफ्तरी दाखल झाले. तो शेरा माझ्याच हातचा आहे आणि त्यात चूक नाही. परंतु अलीकडे ती सून मुलाच्या दाखल्यातील दुरुस्तीचा अर्ज लिहून घेण्यासाठी माझ्या टेबलाशी आली, तेव्हा त्या शेऱ्याचे अपुरेपण मला कळले. मी सासऱ्याची चौकशी केली. बुवा बरे आहेत, आता खुर्चीत बसून गातात, असे तिने सांगितले. मग गावाची चौकशी केली.

"बाबा माझ्या हातचं खात्यात," ती म्हणाली. "बाकी कोण चहा बी घेत न्हाई. हळदीकुंकवाला येत्यात, कुंकू लावून घेत्यात, कप तसाच ठेवून जात्यात."

गुन्हाच दाखल झाला नाही, म्हणून खटला नाही. खटला नाही, म्हणून निकाल नाही. निकाल नाही, म्हणून 'निर्दोष' हा शब्द तिच्याविषयी कोणत्याही कागदावर नाही. मी तिला म्हटले, अर्ज लिहून देतो, पैसे नकोत. तिने विचारले, "कुणाच्या नावानं लिवणार?"

जिल्हाधिकाऱ्यांपासून ग्रामपंचायतीपर्यंत सर्व कार्यालयांचे मायने मला तोंडपाठ आहेत. त्यांतला एकही उपयोगाचा नव्हता. म्हणून हा मजकूर लिहिला आहे, आणि तो पुढीलप्रमाणे सादर आहे.

प्रति, सदर वाडीचे गावकार, मानकरी, समस्त ग्रामस्थ आणि आरोप करणारी भगिनी.

सबब विनंती की, वर नमूद केलेल्या सुनेवरील आरोप देवळाच्या पायरीवर, सर्वांसमक्ष, मोठ्या आवाजात करण्यात आला होता. तो खोटा ठरल्याचे मात्र व्हरांड्यात, पडवीत आणि पोलीस ठाण्याच्या कपाटातच राहिले आहे. तरी पुढील बैठकीत त्याच ठिकाणी, तेवढ्याच मोठ्या आवाजात तो मागे घेण्यात यावा, आणि त्यानंतर तिच्या घरी जाऊन तिच्या हातचा चहा घेण्यात यावा. अर्जदार उत्तराची वाट पाहत आहे. उत्तर लेखी देऊ नये. ते तिला ऐकू जाईल असे द्यावे.